दुसरं घड्याळ

बर्डीवर, मोदी नंबर दोनच्या तोंडाशी
बाबांनी मागे ठेवलेलं सहा बाय तीनचं दुकान.
उजव्या डोळ्याला भिंग, डाव्यानं गिऱ्हाईक बघायचं.
एवढ्या जागेतून मला अमेरिका दिसली.
पटत नसेल तर बसा, चहा सांगतो.

आधी ती लाल होती.
बहात्तर साली राशनची मिलो,
भाकरी तव्यावरच फाटायची.
बाबा म्हणायचे, तिकडे डुकरं खातात हे.
आई म्हणायची, मग डुकरांचे आभार माना.
रिकाम्या पोत्याची तिनं मला चड्डी शिवली.
पोत्यावर दोन हात, एकमेकांत गुंफलेले,
ते नेमके मागे आले.
मास्तरांची छडी बसायची ती दोन देशांच्या मैत्रीवर.

मग ती आभाळात होती.
स्कायलॅब पडणार, नागपुरावरच पडणार,
हे महालात सगळ्यांना पक्कं ठाऊक.
उधारीवाले म्हणाले, पडू द्या, मग बघू.
शेजारच्या नंदनवारांनी कोंबडा कापला,
मरायचं तर तर्री पिऊन.
ते पडलं समुद्रापलीकडे कुठंतरी.
जरासा विरस झाला, खरं सांगतो.
एवढ्या मोठ्या माणसाची वस्तू
अंगावर पडायच्याही लायकीचे नाही आपण?

आणि मग ती भिंतीवर आली.
लक्ष्मीनगर, खामला, प्रतापनगर,
ज्याचा मुलगा गेला तो दुसरं घड्याळ घ्यायला यायचा.
(घड्याळं चीनची. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)
फरक साडेदहा तासांचा, त्यातला तो अर्धा वाईट:
मिनिटकाटे कायम उलटे,
इकडचा छताकडे तर तिकडचा जमिनीकडे.
पाहुणा आधी त्या घड्याळाकडे बघायचा,
मग सोफ्यावर टेकायचा.
मार्चात तास पुढे, नोव्हेंबरात मागे,
त्यासाठी मला बोलावणं. स्टूल, चिवडा,
आणि लेकाच्या नव्या घराचा फोटो, बर्फासकट.

आता येतात तर आवाज बारीक.
इंदोऱ्याचे खोब्रागडे सर: मुलगी लग्नाला आली,
परतीच्या शिक्क्याची तारीख सरकूनच राहिली.
रात्रभर मागच्या खोलीत तिकडचं काम करते.
"म्हणजे घड्याळ बरोबर आहे," सर म्हणतात, "भिंत चुकली."
हिंगण्याचा पेशने: "तिकडं एकानं सही केली बाप्पा,
इकडं आमची तिसरी पाळी बंद."
मोहरील बाईंनी तर घड्याळच पिशवीतून काढलं.
नातू आता पर्थला. फरक किती तासांचा,
ते अजून त्यांना पाठ नव्हतं.
"राहू द्या तुमच्याकडे. बघते."

पानठेल्यावर एक पोरगं ओरडतं, गेली बे अमेरिका, संपली!
संपली?
रोज झिरो माइलवरून सायकल नेतो मी.
मध्य इथंच, असं ठरवून ज्यांनी खांब रोवला
ते बोटीत बसून गेले. खांब आहे.
चार घोडे आहेत, अजून कुठंच निघालेले नाहीत.
मोजणारा जातो, आणि लोक कितीतरी दिवस
त्याच दगडापासून मोजत राहतात.

मला हसू येत नाही.
ज्याच्या पोत्याची चड्डी घातली
त्याच्या पडझडीवर टाळी वाजवायला हात कचरतो.
रडूही येत नाही. छडी लक्षात आहे.

काल नोव्हेंबरातला पहिला रविवार.
बाई काही आल्या नाहीत.
तरी मी स्टूलवर चढलो,
त्यांच्या घड्याळाचा काटा एक तास मागे घेतला.
काहून, ते विचारू नका.
रात्री आठला शटर ओढताना बघितलं,
तिकडे सकाळचे साडेनऊ.
असेल तिथंही एखादा, गल्लीच्या तोंडाशी,
नुकतंच शटर वर करून
भिंग पुसत बसलेला.